संडास बांधले, सवयी बदलल्या का?

नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद हे मिरचीच्या व्यापाराचे गाव. मिरचीचे देठ खुडणारी, मिरची निवडणारी बाई काम संपल्यावर डोळ्याला हात लावण्याआधी किंवा तान्ह्या मुलाला उचलण्याआधी हात नीट धुते. नुसत्या पाण्याने भागत नाही, हेही तिला ठाऊक असते. मिरचीतला तिखट पदार्थ, म्हणजे कॅप्सायसिन, पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात मात्र विरघळतो. म्हणून कोणी आधी तेल चोळते, कोणी साबण लावते. यासाठी तिला कुठल्या फलकाची, प्रभातफेरीची किंवा व्याख्यानाची गरज पडलेली नाही.

शौचानंतर हात धुण्याबाबत मात्र असे घडत नाही. शिकल्यासवरल्या घरांतही नाही. असे का व्हावे? मिरचीची शिक्षा लगेच मिळते, हमखास मिळते आणि ज्याची चूक त्यालाच मिळते. जंतूंचे तसे नाही. हात न धुता जेवलेला माणूस दहापैकी नऊ वेळा धडधाकट राहू शकतो. दहाव्या वेळी जुलाब झाले तर ते दोन दिवसांनी होतात, आणि बऱ्याचदा त्याला न होता घरातल्या लहान मुलाला होतात. तोवर कारण आणि परिणाम यांचा धागा तुटलेला असतो. तेव्हा ‘लोकांना माहिती नाही, म्हणून ते करत नाहीत’ हे आपले नेहमीचे निदान तपासून पाहायला हवे. आरोग्याच्या बहुतेक मोहिमा या एकाच निदानावर उभ्या राहतात.

या लेखात आम्ही महाराष्ट्रातील ग्रामस्वच्छतेच्या मोहिमांकडे सवयी बदलण्याचा एक मोठा प्रयोग म्हणून पाहणार आहोत. या प्रयोगात शिक्षक आणि विद्यार्थी प्रेक्षक नव्हते. घोषणा देणारे, भिंती रंगवणारे, कधी शिट्टी वाजवणारे तेच होते. म्हणून त्याची समीक्षा शाळेत व्हावी, असे आम्हांला वाटते.

नारू कसा गेला?

आधी एक यशाची गोष्ट. आजच्या विद्यार्थ्यांनी नारू पाहिलेला नाही, पण त्यांच्या आजोबांनी नक्कीच पाहिला असेल. नारूच्या कृमीच्या अळ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलपिसवेच्या पोटात वाढतात. असे पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षभराने, बहुधा पायाला फोड येऊन, पाऊण ते एक मीटर लांबीची मादी बाहेर पडू लागते. आग शमावी म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवतो आणि मादी त्या पाण्यात हजारो अळ्या सोडते. पायऱ्यांची विहीर, म्हणजे आपल्या मराठवाड्यातली बारव, या चक्राला अगदी सोयीची. लोक पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहतात आणि तिथेच घागर भरतात.

नारूवर लस नाही, औषधही नाही. भारतात १९८३-८४ साली नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण होते. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

हे कशामुळे साधले? प्रचार झाला, यात शंका नाही. पण प्रचाराने लोकांकडे मागितले ते फार थोडे: पाणी दुपदरी फडक्याने गाळा आणि नारू झाला असेल तर विहिरीत उतरू नका. पाणी गाळण्याची रीत आपल्या घरांत पूर्वीपासून होतीच. बाकीचे काम परिस्थितीत बदल करून झाले. पायऱ्यांच्या विहिरी बुजवून किंवा बांधून काढून त्यांवर रहाट बसवले गेले. पाण्यात सायक्लॉप्स मारणारे औषध टाकले गेले. आणि गावोगावी हातपंप आले. या हातपंपाच्या इतिहासात मराठवाड्याचाही वाटा आहे. १९६० च्या दशकात जालना येथील मिशनच्या कामातून एक भक्कम लोखंडी पंप तयार झाला, सोलापूरला त्यात सुधारणा झाल्या आणि त्याच वाटेने पुढे युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क-२’ हा पंप देशभर पोहोचला. हातपंपावर पाणी भरणाऱ्या बाईला नारूचे जीवनचक्र पाठ असण्याची गरज नव्हती. पाण्यात पाय बुडवण्याची सोयच उरली नव्हती.

तीन प्रश्न

सवयी का बदलत नाहीत, याचा शास्त्रीय विचार १९५० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला. क्षयाची फुकट क्ष-किरण तपासणी दाराशी आली तरी लोक येत नाहीत, हे पाहून तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्यातील मानसशास्त्रज्ञांनी ‘आरोग्यविषयक समजुतींचे प्रारूप’ मांडले. आजार मला होईल का, झाला तर किती गंभीर, उपायाचा फायदा किती, त्यात अडचणी किती, असा हिशेब माणूस मनाशी करतो, असे त्याचे सार. हे प्रारूप उपयोगी ठरले, पण त्याचा सगळा भर माणसाच्या डोक्यात काय चालते यावर होता.

२०११ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर प्रचलित असलेल्या १९ आराखड्यांची छाननी करून एक सुटसुटीत मांडणी केली. कोणतीही कृती घडायला तीन गोष्टी लागतात, असे ती सांगते: क्षमता, संधी आणि प्रेरणा. माणसाला ते करता येते का? करायला साधने, जागा, वेळ आणि भोवतालच्यांची साथ आहे का? आणि त्याला ते करावेसे वाटते का? उपाय आखण्याआधी यांपैकी नेमके काय अडले आहे ते शोधा, मग त्याला जुळणारा उपाय निवडा, असा या मांडणीचा आग्रह आहे. प्रबोधनाने अज्ञान दूर होते. नळाला पाणी येत नसेल तर प्रबोधनाचा उपयोग नाही.

ही मांडणी म्हणजे जादूची कांडी नव्हे. तीन रकाने भरले की कार्यक्रम यशस्वी, असा अर्थ घेतला तर तीही कागदीच ठरेल. पण तिच्या साहाय्याने आपल्या मोहिमांकडे पाहिले की काही गोष्टी स्पष्ट दिसतात.

अनुदान, बक्षीस आणि लाज

गावात संडास हवेत, या विचाराला महाराष्ट्रात गाडगेबाबांच्या खराट्याची परंपरा आहे. त्यांच्याच नावाने २०००-०१ साली, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावांत स्पर्धा लावायची आणि स्वच्छ गावाला बक्षीस द्यायचे, ही त्यातली कल्पना. याच सुमारास बांगलादेशातील राजशाही जिल्ह्यात कमल कार यांनी एक वेगळी पद्धत सुरू केली होती. अनुदान द्यायचे नाही. गावकऱ्यांना बरोबर घेऊन हागणदारीतून फेरी काढायची, गावाचा नकाशा जमिनीवर आखून कोण कुठे बसतो ते दाखवायचे, माशी विष्ठेवरून अन्नावर कशी येते ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. त्यातून किळस आणि लाज निर्माण होते आणि गाव स्वतःच निर्णय घेते, असे तिचे तत्त्व. ही पद्धत महाराष्ट्रात प्रथम ज्या जिल्ह्यांत करून पाहण्यात आली त्यांत अहमदनगर आणि नांदेड होते.

यापुढची हकीगत समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. २००४ साली राज्य शासन आणि जागतिक बँक यांनी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), नांदेड आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत एक शिस्तबद्ध प्रयोग योजला. प्रत्येक जिल्ह्यात ६० गावे निवडायची, त्यांतली ३० चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने कार्यक्रमासाठी काढायची आणि उरलेली ३० तुलनेसाठी ठेवायची. शाळेच्या प्रयोगात आपण दोन कुंड्या ठेवतो, एकीला खत घालतो आणि दुसरीला नाही, तेच हे तत्त्व. तुलनेचे गाव नसेल तर बदल मोहिमेमुळे झाला की चांगल्या पावसामुळे आणि हाती आलेल्या पैशामुळे, हे सांगता येत नाही.

जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स यांनी या प्रयोगाचे निष्कर्ष पुढे प्रसिद्ध केले. त्यांनी संडास मोजले, तशीच मुलांची उंचीही पाहिली. अहमदनगरमध्ये कार्यक्रमाच्या गावांत संडास असलेल्या घरांचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ८ टक्के-अंकांनी जास्त वाढले, आणि तिथली मुले सरासरीने अधिक उंच आढळली. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा फरक सव्वा सेंटिमीटरच्या आसपास भरतो. वारंवार होणारे जुलाब, जंत आणि आतड्याला येणारी कायमची सूज यांमुळे खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, असा त्यामागचा तर्क आहे.

हे वाचून हुरळून जाण्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. पहिली अशी की, या अंदाजाची मर्यादा फार रुंद आहे. खरा परिणाम जवळपास शून्यही असू शकतो किंवा सांगितलेल्याच्या दुप्पटही. ओडिशातील १०० गावांतल्या २०१४ च्या प्रयोगात संडास असलेल्या घरांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले, तरी जुलाब किंवा जंत कमी झाले नाहीत. त्याच वर्षी मध्य प्रदेशातील ८० गावांच्या प्रयोगातही मुलांच्या आरोग्यात फरक दिसला नाही. पुढे बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे येथील मोठ्या प्रयोगांतही पाणी व स्वच्छतेच्या उपायांनी मुलांची उंची वाढली नाही. संडास असूनही घरातले काही जण उघड्यावर जात राहिले किंवा शेजारची अर्धी घरे बाहेर जात राहिली, तर गावातली घाण उरतेच.

दुसरी गोष्ट नांदेडकरांच्या जिव्हाळ्याची आहे. तीन जिल्ह्यांत योजलेला हा कार्यक्रम प्रत्यक्षात राबवला गेला तो एकट्या अहमदनगरमध्ये. नांदेड आणि नंदुरबारमध्ये गावे निवडली गेली, मोजमापे झाली, पण कार्यक्रम गावांपर्यंत पोहोचलाच नाही. त्यामुळे या दोन जिल्ह्यांबद्दल ‘लोकांची मानसिकता बदलत नाही’ असे म्हणायला या प्रयोगात काहीही आधार सापडत नाही. इथे जे बदलले नाही ते सरकारी यंत्रणेचे वागणे होते. क्षमता, संधी आणि प्रेरणा यांचे प्रश्न गावकऱ्यांना विचारतो तेच कार्यालयांनाही विचारायला हवेत. सवयींवरच्या लिखाणात हा मुद्दा फार क्वचित येतो.

टमरेल आणि हंडा

आता संधीचा प्रश्न घेऊ. परसाकडे बाहेर जाताना एका माणसाला एक टमरेल, म्हणजे साधारण लिटरभर पाणी लागते. ग्रामीण संडासाच्या खोल उताराच्या भांड्यातही वर आणखी दीड-दोन लिटर ओतावे लागते. सहा माणसांच्या घरात हा जादा खर्च दिवसाला बारा लिटरच्या आसपास जातो. बारा लिटर म्हणजे जवळजवळ एक हंडा. तो डोक्यावरून आणायचा कोणी, हे सांगायला नको. मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. धर्माबाद तालुक्यात गोदावरी आहे, बाभळीचा बंधाराही आहे. पण २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याची दारे उघडी ठेवावी लागतात. नदी गावाशेजारून वाहते, तेवढ्याने संडासात पाणी येत नाही. ‘संडास असून बाहेर जातात’ अशी तक्रार करणाऱ्याने त्या घरात पाणी कुठून आणि कोणाच्या डोक्यावरून येते, हे आधी विचारावे.

तेच जमिनीचे. काळ्या मातीत पाणी सावकाश जिरते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन शोषखड्ड्यांचा संडास चांगला आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा, आणि वर्ष-दोन वर्षांनी पहिल्यातले निर्धोक झालेले खत काढायचे. पण हे काढायचे कोणी, या प्रश्नापाशी जात उभी राहते. उत्तर भारतातील पाहण्यांत असे आढळले की खड्डा लवकर भरेल आणि तो उपसायला कोणी मिळणार नाही, या धास्तीने लोक संडास वापरत नाहीत किंवा प्रचंड मोठी टाकी बांधतात. कुजलेल्या मैल्याचे खत होते, हा विज्ञानाचा धडा इथे अस्पृश्यतेच्या धड्याशी जोडूनच शिकवावा लागतो.

शिट्टी कोणाच्या हातात?

आता प्रेरणेबद्दल. लाज ही प्रेरणा आहे यात शंका नाही, आणि ती फुकट मिळते म्हणून कार्यालयांना आवडते. पण गावाने मिळून स्वतःच्या घाणीकडे पाहणे वेगळे आणि पहाटे गाडीतून आलेल्या पथकाने बाईला उठवून गुलाबाचे फूल देणे, फोटो काढणे किंवा दंड करणे वेगळे. महाराष्ट्रात ‘गुड मॉर्निंग पथके’ फिरली. नोव्हेंबर २०१७ मध्ये बिहारमधील काही तालुक्यांत तर शिक्षकांनाच पहाटे आणि संध्याकाळी उघड्यावर बसणाऱ्यांवर लक्ष ठेवण्याचे आदेश निघाले. ठिकठिकाणी मुलांच्या हाती शिट्ट्या दिल्या गेल्या.

या पद्धतीवर आमचा पहिला आक्षेप नीतीचा आहे. ज्याच्याकडे जागा नाही, पाणी नाही, तोच सापडतो. म्हणजे शिक्षा गरिबीला होते. मुलाने आपल्याच वर्गमित्राच्या आईवर शिट्टी वाजवावी, हे कोणत्याही शाळेने घडवू नये. दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे. लाजेने माणूस दिसेनासा होतो, सवय बदलतेच असे नाही. तो आणखी लांब, आणखी अंधारात जातो आणि विचारले तर ‘संडास वापरतो’ म्हणून सांगतो. मग नोंदी बिघडतात. १८ एप्रिल २०१८ रोजी ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारताचीही झाली. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १९ टक्के कुटुंबे कोणताही संडास वापरत नसल्याचे आढळले. काम काहीच झाले नाही असा याचा अर्थ नाही. कोट्यवधी घरांत संडास आले, ही फार मोठी गोष्ट आहे. पण बांधकाम मोजून सवय मोजल्याचे समाधान मानले, की असा फरक राहणारच.

मोजायचे कसे?

लाजेशिवाय भावनेला हात घालता येतो, याचे चांगले उदाहरण आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्याचे आहे. तिथल्या १४ गावांत हात धुण्याची एक मोहीम झाली. तिच्यात जंतूंवर भर नव्हता. मुलांना नीट वळण लावणारी एक हुशार आई आणि घाणेरड्या हातांनी लाडू वळणारा एक गलिच्छ गृहस्थ, अशी पात्रे घेऊन खेळ केले गेले. घरी बसून प्रत्यक्ष निरीक्षण केले तेव्हा सुरुवातीला साबणाने हात धुण्याचे प्रमाण जेमतेम १-२ टक्के होते. सहा महिन्यांनी मोहिमेच्या गावांत ते ३७ टक्के झाले, तर तुलनेच्या गावांत ६ टक्केच राहिले. तरीही साठाहून अधिक टक्के वेळा हात धुतले जात नव्हतेच, हे विसरू नये.

अशी मोजणी शाळेतही करता येईल. हात धुण्याच्या जागी साबणाची वजन केलेली वडी ठेवा. रोज संध्याकाळी ती सुकवून प्रयोगशाळेच्या तराजूवर तोला आणि घटलेले वजन हजर मुलांच्या संख्येने भागा. दोन आठवडे काहीच न सांगता मोजा. मग एकच बदल करा: साबण संडासाच्या दारापाशी हलवा, किंवा वाटेवर रंगीत पावले काढा, किंवा एक व्याख्यान द्या. पुन्हा दोन आठवडे मोजा. शेजारच्या शाळेने काही न बदलता तेवढेच दिवस मोजले तर तुलनाही मिळेल. व्याख्यानाने जास्त फरक पडतो की साबण जवळ आणल्याने, याचे उत्तर मुलांना स्वतःच्या आकड्यांतून मिळेल. टाकीत पाणी नव्हते ते दिवस वेगळे नोंदवायला मात्र विसरू नका. कदाचित सर्वांत मोठा फरक तिथेच सापडेल. या प्रयोगात कोणाचे नाव लिहिले जात नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

वर्गात ‘कोणाच्या घरी संडास नाही, हात वर करा’ असे विचारण्याचे काम शिक्षकांकडे पुन्हा केव्हातरी येईल. त्या वेळी मुलांना हात वर करायला लावू नये. त्याऐवजी ग्रामपंचायतीकडे तीन गोष्टींची लेखी माहिती मागावी: किती संडासांना पाणी आहे, किती खड्डे भरले आहेत आणि ते रिकामे करण्याची सोय काय आहे. गावात काय अडले आहे, हे या माहितीवरून कळू लागेल, आणि उपाय त्यानंतर आखता येईल.